गोळ्यांचे वाटे

पोलकं काढायला मी सुनेच्या पाठीमागून हात घातला आणि पोलक्याबरोबर तिची कातडी निघून आली. उकडलेल्या बटाट्याची साल निघते तशी. ती ओरडली नाही. ओरडायला तोंड उघडावं लागतं, आणि तिचे ओठ सुजून, फुटून एकमेकांना चिकटले होते. डोळे पिवळे झाले होते. सकाळची वेळ होती. पत्र्याच्या खोलीबाहेर आमच्या टोळीतल्या बाया द्राक्षाच्या घडांना कागद गुंडाळत होत्या, आणि त्यांच्या हसण्याचा आवाज आत येत होता.

तिला ताप येऊन पाच दिवस झाले होते. त्या पाचही दिवशी मी तिला माझ्या हातानं गोळी दिली होती.

मी टोळीची मुकादमीण. हरसूलच्या वर आमचा पाडा आहे. दर वर्षी भात झोडून झालं की माझ्यासकट बारा माणसांची टोळी घेऊन मी दिंडोरीकडच्या द्राक्षबागांमध्ये उतरते. मुलगा सातपूरला एका कंपनीत ठेकेदाराकडे लागलाय, त्याची पाळी असेल तसा भेटतो. सून माझ्याबरोबर. लग्न होऊन आली तेव्हापासून माझ्या शेजारच्या ओळीत तिची ओळ असते.

जवळच्या गावातल्या खाजगी डॉक्टरनं दोन दिवसांपूर्वी तिला सुई मारली होती आणि सांगितलं होतं, "फवारणीचं औषध अंगावर उठलंय. बागेत पाठवू नका." बागेच्या मालकाला ते पटलं नव्हतं, कारण फवारणी त्याची होती. पण त्या सकाळी त्यानं तिची पाठ बघितली आणि पिकअप काढली.

नाशिकच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात एक डॉक्टरीण होती, माझ्या सुनेच्याच वयाची. तिनं सुनेचे डोळे बघितले, पोट दाबलं, पाठ बघितली आणि माझ्याकडे वळली.

"आजी, हिनं कसल्या गोळ्या घेतल्या?"

"काय नाय."

"आठवा नीट. तापाच्या? फिटच्या? कुणी झाडपाला दिला?"

"काय नाय, बाई."

माझ्या कमरेच्या पिशवीत गोळ्यांचं पाकीट होतं. हात लावला तर त्याचा चुरचुर आवाज झाला असता, म्हणून मी हात तिकडे नेला नाही. मागे मालक उभा होता. गोळीचं नाव सांगितलं असतं तर रोगाचं नाव सांगावं लागलं असतं, आणि रोगाचं नाव मालकाच्या कानावर गेलं असतं तर बारा माणसांची चूल त्याच दिवशी उठली असती. म्हणून मी खोटं बोलले. सून स्ट्रेचरवर तळमळत होती आणि मी खोटं बोलले. लाज वाटते. पण ते खोटं मी एकटीनं रचलेलं नव्हतं. ते कसं रचलं गेलं ते आधी सांगते.

रोग आधी मला झाला. कोपराच्या वर एक फिकट चट्टा होता, खाजत नव्हता, दुखत नव्हता, म्हणून मी त्याला विचारत नव्हते. पावसाळ्याच्या तोंडावर घरोघर तपासणारे आले. त्यातल्या नर्सबाईनं डोळे मिटायला सांगून चट्ट्यावर पेनाचं टोक टेकवलं आणि विचारलं, "कुठं लागलं?" मी म्हटलं, "लावा तर आधी." तिनं तीनदा लावलं होतं.

महारोग. साहेब लोक कुष्ठरोग म्हणतात. म्हणोत.

गोळ्या फुकट होत्या. महिन्याचं एक पाकीट. त्यात पहिल्या दिवशीच्या दोन लाल कॅप्सूल आणि इतर गोळ्या, त्या नर्सबाईसमोर गिळायच्या. बाकी रोजची एक पांढरी आणि एक तपकिरी घरी. या गोळ्या परदेशातून येतात, हे मला कळलं ते भाद्रपदात. आमच्या आरोग्य केंद्रासमोर चिखलात तीन गाड्या येऊन उभ्या राहिल्या. त्यातून आरोग्य खात्याचे साहेब उतरले आणि त्यांच्याबरोबर गोरी माणसं. मला आदल्या दिवशीच निरोप होता, धुतलेलं लुगडं नेसून ये. मी त्यांच्यासमोर गोळ्या गिळल्या. पहिल्या वेळेला फोटो नीट आला नाही म्हणून रिकामा हात तोंडाशी नेऊन पुन्हा गिळल्यासारखं केलं.

त्यांच्यात एक पांढऱ्या केसांची बाई होती. बाकीचे खुर्च्यांवर बसले, ती माझ्या बाकावर येऊन बसली. तिचं बोलणं सांगायला एक दुभाष्या होता. तो म्हणाला, "त्या म्हणतात, हा आजार असलेला माणूस जगात कुठंही असो, किती का लांब असेना, त्याला ही गोळी पोचली पाहिजे. त्यासाठी कितीतरी देश एकत्र आलेत."

"लय चांगलं केलं," मी म्हटलं. मनापासून म्हटलं. ती बाई खोटी नव्हती. तिला वाटत होतं तसंच ती बोलत होती.

दिवाळी झाली. बागांकडे निघताना नर्सबाईनं मला तीन पाकिटं एकदम दिली. म्हणाली, "रिकामी पाकिटं परत यायला हवीत, त्याशिवाय पुढची मिळणार नाहीत. लघवी लाल होईल, कातडी काळी पडेल, घाबरायचं नाही. आणि आजी, काही झालं तरी गोळी थांबवायची नाही." काही झालं तरी. मी चौथीपर्यंत शिकले आहे, पण सांगितलेलं विसरत नाही. हे शब्द मी गाठीला बांधले.

मार्गशीर्षात थिनिंग चालू होतं. घडातले बारीक मणी कात्रीनं काढून टाकायचे, म्हणजे उरलेले मोठे होतात. या कामाला दिवस मोजून मिळतात. मणी एकदा फुगले की कात्रीचं टोक आत जात नाही, आणि घड वाया गेला तर मालक पुढच्या वर्षी दुसरी टोळी आणतो. त्या दिवशी सून शेजारच्या ओळीतून म्हणाली, "आत्या, हे बघा, किती रक्त. कात्री कधी लागली कळलंच नाय."

अंगठ्याच्या खाली चांगलं खोल लागलं होतं. मी तिला खोलीत नेलं, कोंबडीचं पीस घेतलं आणि म्हटलं, "डोळे मिट. सांग कुठं लावलं."

"लावलंत का?"

हातावर एक चट्टा होता आणि पाठीवर दोन. मी पीस चुलीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिथल्या आरोग्य केंद्रात गेलो. खिडकीत एक माणूस बसला होता. मी त्याला नर्सबाईनं दिलेलं माझं उपचाराचं कार्ड दाखवलं, सुनेचा हात दाखवला. त्यानं हाताकडे नाही, आधार कार्डाकडे बघितलं.

"तालुका दुसराय तुमचा. तिकडं जा."

"दादा, तिकडं जायला-यायला दोन दिस, तपासायला एक दिस. थिनिंग चालू हाय. इथं तपासा ना. गोळ्या त्याच हायेत."

"गोळ्या त्याच असतील, पण नोंद इथं कशी करू? आमच्याकडं यंदा एक पण पेशंट नाही. तुमची नोंद घेतली तर उद्या वरून फोन येईल, हा कुठून आला. तुमचा आजार तुमच्या तालुक्यात ठेवा की, मावशी."

"डॉक्टरला तरी दाखवू द्या."

"डॉक्टर गुरुवारी."

गुरुवारी गेलो. डॉक्टर मीटिंगला गेले होते. सुनेनं येताना विचारलं, "आत्या, ती गोरी बाई तर म्हणाली होती, किती का लांब असेना." मी म्हटलं, "ती लांबचं म्हणाली होती. आपण जवळ राहतो."

आता पुढचं सांगते, ते माझं काम. त्याचा दोष मी त्या खिडकीवर ढकलणार नाही.

आमच्याकडे ओढ्याला बांध घालून मासे धरतात. मग धरलेले मासे सागाच्या पानांवर मांडतात, एका माणसाला एक पान. जो पाण्यात उतरला त्याला जेवढे, तेवढेच तापानं घरी पडलेल्याला. माझ्या वडिलांनी मला वाटे घालायला शिकवलं. मोठा मासा आला तर कापायचा, पण कुणाचं पान रिकामं ठेवायचं नाही. टोळीतही मी तेच करते. मालकानं गुळाची ढेप दिली तर बारा तुकडे होतात. मी या कामात चुकत नाही, म्हणून मुकादमीण आहे.

मी पाकीट फाडलं. लाल कॅप्सूल दोन होत्या, एक तिला, एक मला. रोजच्या गोळ्या एक दिवस तिला, एक दिवस मला. फुकट आलेली वस्तू, दोन आजारी माणसं, एक पाकीट. यात काही चूक आहे असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

सून हसली. "आत्या, लोकांच्या सासवा साखर लपवून ठेवतात. तुम्ही औषधातपण वाटा दिला."

"गिळ मुकाट्यानं. आणि लघवी लाल झाली तर बोंबलत येऊ नको."

एकच गोष्ट सांगायची राहिली. टोळीतला एक जण मयतीला गावी गेला, त्याच्याबरोबर मी कार्ड आणि रिकामी पाकिटं नर्सबाईकडे पाठवली. तिनं माझ्या कार्डावर खुणा केल्या. मी नियमित.

पाच-सहा आठवडे गेले. सुनेच्या अंगाला खाज सुटली, मग पुरळ, मग तोंड सुजलं, मग ताप. मला वाटलं, औषध लागू पडतंय, रोग बाहेर येतोय. काही झालं तरी थांबवायचं नाही. आणि ती माझ्यापेक्षा जास्त आजारी दिसत होती, म्हणून शेवटचे पाच दिवस मी माझाही वाटा तिला दिला. तिला गिळता येईना तेव्हा गोळी पाण्यात विरघळवून चमच्यानं दिली.

तर दवाखान्यात मी दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा डॉक्टरीणबाईनं विचारलं नाही. ती नर्सला म्हणाली, "नातेवाईकांना सांगून ठेवा, काही भरवसा नाही." आणि जायला निघाली.

मी पिशवीतून पाकीट काढलं आणि तिच्या हातात ठेवलं.

तिनं ते उलटंपालटं केलं. "हे कुणाचं?"

"माझं. अर्ध्या तिनं खाल्ल्या."

"ही पांढरी गोळी?"

"हां. ताप आल्यावर जास्त दिली."

"ही पांढरी काही जणांना अजिबात चालत नाही! सुरुवातीला खाज आली तेव्हाच बंद करायची असते. वाटून घेतल्या? औषध म्हणजे काय प्रसाद आहे, आजी?"

"चालतं की नाय ते बघायला कोण बसलं होतं, बाई? खिडकीत बसला होता, तो आधार कार्ड बघत होता."

ती धावतच गेली, सलाईनमध्ये काय बदलायचं ते ओरडून सांगत. मागे मालक दोन पावलं सरकला होता आणि त्यानं नाकाला रुमाल लावला होता.

"महारोग? मावशी, या हातांनी तुम्ही माझी द्राक्षं हाताळली? माझा माल युरोपला जातो!"

"जातो ना. मग तिकडूनच गोळ्या आल्यात."

गोळी चालू झाल्यावर हा रोग कुणाला लागत नाही, आणि द्राक्षातून तर नाहीच, असं नर्सनं त्याला समजावलं. त्यानं मान डोलावली, आणि दुपारी टोळीचा फोन आला की खोल्या रिकाम्या करायला सांगितल्यात. मी म्हटलं, निघा. मला त्या वेळी टोळीचं काही वाटेना. कॉटवर माझी सून पडली होती, तिच्या अंगाला कापड टेकवता येत नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाली, "लिव्हर सुजलंय, कावीळ झालीय. जगेल का, आज सांगता येणार नाही. आणि जगली तर या रोगाला पांढरी सोडून दुसरं औषध लागेल. त्याला तिच्या नावाचं कार्ड हवं. तुमच्या तालुक्यातून आणा."

मुलगा सातपूरहून आला. तो बायकोच्या पायाशी बसला आणि माझ्याकडे बघेना. बरोबरच होतं.

तिसऱ्या दिवशी आमच्या आरोग्य केंद्रातल्या कर्मचाऱ्याचा फोन आला. जानेवारीअखेर या रोगाचे कार्यक्रम असतातच.

"आजी, परवा गंगापूर रोडला मोठा कार्यक्रम आहे. परदेशी पाहुणे येणारेत. तुमचा सत्कार आहे, गाडी पाठवतो. कुठे आहात?"

"नाशिकला, दवाखान्यात."

"बऱ्या आहात ना?"

"मी बरी हाय."

"मग झालं."

कार्यक्रमाच्या दिवशीही सुनेला शुद्ध नव्हती. मुलगा म्हणाला, "तिला असं टाकून तू शाल घ्यायला चाललीस?" मी म्हटलं, "कार्ड मागायला चालले." आणि गाडीत बसले.

हॉल थंडगार होता. भिंतीवर मोठा फोटो लावला होता, त्यात मी गोळी गिळत होते. तो दुसऱ्या वेळचा फोटो होता, रिकाम्या हाताचा. साहेबांनी मला बाजूला घेतलं. "आजी, तीनच वाक्यं. आजार झाला, गोळ्या फुकट मिळाल्या, एकही चुकवली नाही. मग नमस्कार करायचा."

शाल झाली, नारळ झाला. पुढच्या रांगेत ती पांढऱ्या केसांची बाई बसली होती. मला बघून तिनं हात हलवला. मी माईक धरला आणि पिशवीतून पाकीट काढलं.

"या पाकिटातल्या अर्ध्या गोळ्या माझ्या सुनेनं खाल्ल्या. तिलापण रोग झाला, पण तिला तुमच्या खिडकीनं तपासलं नाय, कारण आमचा तालुका दुसरा. म्हणून मी तिला वाटा दिला. ती गोळी तिला चालली नाय. तिच्या पाठीची कातडी माझ्या हातात आली. ती आत्ता इथून रिक्षानं जाण्याइतक्या जवळ पडलीय, आणि जगेल का ते डॉक्टरला माहीत नाय."

दुभाष्यानं माईकमध्ये चार शब्द सांगितले. बाईनं मान डोलावली आणि हसली.

माझं डोकं सणकलं. "ए दादा, मी एवढं बोलले आणि तू एवढंसं सांगितलंस. ती हसतेय कशी? सगळं सांग तिला. कातडीचंपण सांग."

साहेब उठून उभे राहिले, पण माझ्या हातातून माईक कसा घ्यायचा हे त्यांना कळेना. माझी बोटं धरायची त्यांना भीती वाटत असावी. दुभाष्यानं पुन्हा सांगितलं, या वेळी बराच वेळ. बाईचं हसू गेलं.

मी पुढे म्हटलं, "आम्ही काढलेली द्राक्षं तुमच्याकडं येतात. पेटीवर नंबर असतो. त्या नंबरावरून तिकडचा माणूस सांगतो, हा घड कुठल्या बागेतला, कधी तोडला. घडाचा पत्ता तुम्हाला लागतो. ज्या बाईनं तो तोडला तिचा पत्ता एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात लागत नाय. तुमची गोळी समुद्र ओलांडून येते आणि आमचा घाट उतरत नाय. मला शाल नको. सुनेच्या नावाचं कार्ड द्या."

बाई उठली आणि साहेबांना काहीतरी विचारू लागली. ती चिडून बोलत होती एवढं मला कळलं. साहेब "येस, येस" म्हणत होते. चहाला मी थांबले नाही. शाल खुर्चीवर ठेवली, नारळ मात्र आणला, वॉर्डातल्या बायांना फोडून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन माणसं वॉर्डात आली. त्यांनी सुनेचा चट्टा बघितला, डॉक्टरीणबाईशी बोलले, आणि तिथंच, कॉटच्या कडेला, कार्ड लिहिलं. पंधरा मिनिटं लागली असतील. दुसरा तालुका त्यांना आड आला नाही. मी त्यांना विचारलं, "टोळीतली बाकीची दहा माणसं? ती त्याच खोल्यांमध्ये झोपत होती." एक जण म्हणाला, "बघू." कुणी आलं नाही. फाल्गुनात मी पाड्यावर गेले, कोंबडीचं पीस घेतलं आणि दहाही जणांना डोळे मिटायला लावले. एका बाईला कळलं नाही. तिला मी नर्सबाईसमोर नेऊन बसवली आणि कार्ड हातात पडेपर्यंत तिथून हलले नाही. तिला वाटा दिला नाही.

माझ्या चुकलेल्या अर्ध्या गोळ्यांचं काय झालं, ते माझ्या डाव्या हातात दिसतं. करंगळी आणि शेजारचं बोट वाकलं, आता सरळ होत नाही. माझ्या कार्डावर मात्र एकही खाडा नाही. नवीन डॉक्टरनं माझ्या गोळ्या पुन्हा पहिल्यापासून चालू केल्या.

सून नवव्या दिवशी पाणी मागून प्यायली. तीन आठवड्यांनी तिला घरी सोडलं. पाठीवर नवी कातडी आली, ती अजून गुलाबी आहे. तिला पांढरी गोळी सोडून दुसरं औषध मिळतं, तिच्या नावाच्या पाकिटात. मुलगा माझ्याशी बोलतो, कमी बोलतो.

मी जगले. ती जगली.